तळहातावरची साखर

वाघमारे सिस्टरांचं नाव आधी लिहून ठेवते. पुढं काय झालं ते सांगण्याच्या भरात ते मागं पडायला नको. शकुंतला वाघमारे, गाव बोथ. आमच्या दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर, आता निवृत्त. त्यांची आई लोकांच्या रानात कापूस वेचायची, पण मुलीला तिनं शाळेच्या बाकावरून उठू दिलं नाही. माझी शाळा सातवीला सुटली. पुढची शाळा ओढ्यापलीकडं होती, घरात धाकटी भावंडं होती, आणि मी थोरली. मी आज आदिलाबादेत थिएटरची अटेंडंट म्हणून ताठ मानेनं उभी आहे ती या बाईंमुळं. नाहीतर चोर म्हणून कधीच परतीच्या गाडीत बसले असते.

परतीची गाडी म्हणजे जतची. माहेर-सासर दोन्ही तिकडचं, सांगली जिल्ह्यातलं. नवरा फिटर. इथल्या जिनिंग मिलमध्ये काम लागलं म्हणून आम्ही आलो. आमच्याकडचा माणूस पोटासाठी पुण्या-मुंबईला जातो, आम्ही उलट्या तोंडानं तेलंगणात उतरलो. दुकानाच्या पाट्या तेलुगू, त्या मला आजही वाचता येत नाहीत. मराठी बोलणारे भरपूर, पण सुरुवातीला ती मराठी मला भांडणासारखी ऐकू यायची. "काऊन आली वं?" म्हणजे 'का आलीस गं', असं कोणी मायेनं जरी विचारलं तरी मी दारातून मागं फिरायची.

थिएटरात माझं काम म्हणाल तर सगळं, म्हणाल तर काहीच नाही. टेबल पुसायचं. रोग्याला ट्रॉलीवरून टेबलावर घ्यायचं. भुलीच्या डॉक्टरांच्या उजव्या हाताला उभं राहायचं आणि त्यांनी हात पुढं केला की हवी ती वस्तू द्यायची. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन औषधाचं कपाट उघडायचं. आणि रोगी साखरेचा असेल तर ऑपरेशनच्या आधी आणि मधे, सांगतील तेव्हा बोट टोचून साखर मोजायची. हे सगळं सिस्टरांनी शिकवलं. इंग्रजी अक्षरंसुद्धा त्यांनी मला औषधांच्या बाटल्यांवरून शिकवली. त्यामुळं माझी एबीसीडी कुठल्या क्रमानं लागते ते मला अजून नीट येत नाही, पण बाटली कधी चुकत नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक गोष्ट सांगितली. "मंगल, दाराबाहेर कोनावरबी इश्वास ठेव. दाराच्या आत माह्यावरबी ठेवू नको."

हे मला फार सोपं गेलं. मी जन्माचीच भित्री. घराला कुलूप लावून दोनदा मागं येणारी. बाहेर या स्वभावाला लोक हसायचे, थिएटरात त्याचीच गरज निघाली. रोग्याचं नाव वॉर्डात विचारलेलं असतं, ट्रॉलीवर विचारलेलं असतं, तरी टेबलावर पुन्हा विचारायचं. कुठली बाजू, पुन्हा विचारायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, "पोटात काही गेलंय का?"

याचं कारण बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगते. भूल दिली की माणसाचा घसा पहारा सोडतो. पोटातलं वर आलं तर ते थेट श्वासाच्या नळीत उतरू शकतं, आणि त्यात माणूस जाऊ शकतो. म्हणून उपाशी ठेवतात. डॉक्टरांना उपाशी माणसं बघायची हौस नसते.

पण माणूस याच प्रश्नाला सगळ्यांत जास्त खोटं बोलतो, आणि तेही मनातून खोटं न बोलता. बेज्जूरकडचे एक आजोबा आले होते. "आजोबा, काही खाल्लं?" "नाई." "पाणी?" "थेंब नाई." मी सहज म्हटलं, "चहा?" तर म्हणाले, "चहा तं घेतला. चहा का खानं होय?" मग मला राहवेना. "आणि चहाबरोबर?" आजोबा माझ्याकडं असं बघायला लागले जणू मीच खुळी. "चहासंगं टोस्ट असतेच नं, बाई." दुसऱ्या एक मास्तरीणबाई. शिकलेल्या, स्वच्छ बोलणाऱ्या. डॉक्टरांनी उपाशी राहा सांगितलं म्हणून त्यांनी कडक उपास धरला होता, आणि उपासाला चालते म्हणून वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाऊन आल्या होत्या. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "उपासाले चालते ते भुलीले नाई चालत, मॅडम. भूल लई कर्मठ हाय."

अशी आमची संशयाची नोकरी चालली होती. दुसऱ्यावर संशय घेण्याची. आपल्यावर कोणी घेईल हे ध्यानात नव्हतं.

सुरुवात झाली एका पंपापासून.

भुलीच्या डॉक्टर म्हणजे श्रीलता मॅडम. घरची भाषा तेलुगू, आमच्याशी हिंदी बोलायच्या. त्या दोन-तीन दवाखान्यांत फिरायच्या, आमच्याकडं ऑपरेशनपुरत्या यायच्या. एक दिवस त्यांनी सिरिंज पंप आणवला. मोठी सिरिंज त्यात आडवी बसते आणि मशीन तिचा दट्ट्या मुंगीच्या चालीनं ढकलत राहतं. आत शांत करणारं नवं औषध. नाव एवढं लांब की मॅडम स्वतःच त्याला 'डेक्स' म्हणायच्या.

मला ते औषध पहिल्या दिवसापासून पटलं नाही. कारण त्यानं आलेली झोप मी कधी बघितली नव्हती. पंप सुरू झाला आणि टेबलावरची बाई गाढ झोपली. म्हटलं, झालं. तेवढ्यात मॅडम तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "अम्मा, कळ्लु तेरवंडी." बाईनं टपकन डोळे उघडले, मॅडमकडं बघितलं, आणि पुन्हा झोपली. ही झोपलीय का जागी आहे? ही आमचं ऐकतेय का? त्यात मॉनिटरची टिकटिक लांब लांब पडायला लागली. नाडी मंदावत चालली होती. मी सिस्टरांचा हात धरला.

मॅडमनी ते बघितलं. भूल पूर्ण देऊन झाल्यावर, ऑपरेशन चालू असताना त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांचं हिंदी माझ्या शब्दांत लिहिते. मशीनचा गॅस माणसाला झोपवतो. पण चीर पडली की झोपेतसुद्धा शरीर दचकतं. नाडी पळते, दाब चढतो, आणि शरीर रक्तात साखर सोडतं. शरीराला वाटतं, वाघ आला, पळायला बळ पाहिजे. हे औषध शरीराला समजावतं की वाघ नाही. ते दचकणंच कमी झालं की गॅस कमी पुरतो, दुखणं दाबायचं औषध कमी पुरतं, आणि साखरही पूर्वीइतकी उसळत नाही. नाडी थोडी मंदावते, म्हणून ज्याची नाडी मुळातच मंद आहे त्याला हे द्यायचं नाही.

"फिर शुगर क्यों चेक करना, मॅडम?" मी विचारलं.

"इसीलिए तो करना," त्या म्हणाल्या. हे काही साखर उतरवायचं औषध नाही. एखाद्याची साखर यानं उलटी चढूही शकते. आणि भुलीत साखर खाली गेली तर रोगी काही घाबरलो, घाम आला असं सांगणार नाही. तो झोपलेला. त्याच्या वतीनं त्याचं बोटच बोलणार. माझी भीती काही गेली नाही, पण तिला आता एक काम मिळालं.

आणि खरंच फरक दिसायला लागला. गॅसच्या मशीनवर एक डायल असते आणि खाली एक छोटी काचेची खिडकी. त्या खिडकीत भुलीचं द्रव किती उरलंय ते दिसतं. पूर्वी मी त्यात सारखी बाटली ओतायची. आता मॅडम डायल बरीच खाली ठेवायच्या आणि खिडकीतली रेघ जागची हलायची नाही. साखरेचंही तसंच. पूर्वी ऑपरेशनच्या मधोमध आकडा उडी मारायचा, आता थोडासा वर जाऊन बसायचा. मला मनातून बरं वाटत होतं.

मनोहररावांना वाटत नव्हतं.

मनोहरराव म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांचे, म्हणजे दवाखान्याच्या मालकांचे, मेव्हणे आणि आमचे मॅनेजर. आधी बोथला त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता, पण दवाखान्याकडं ते दुकानाच्या गल्ल्यावरून बघायचे. फळीवर भुलीच्या बाटल्या तशाच उभ्या आहेत, जात नाहीत, हे त्यांच्या नजरेत आलं. मोठ्या डॉक्टरांनी पंपाचं त्यांना सांगितलं असेल किंवा नसेल, त्यांच्या डोक्यात ते शिरलं नव्हतं. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं.

"सांगलीवाली, बस." ते मला कायम सांगलीवालीच म्हणायचे. "माह्या दुकानात बियानं लवकर सरत होतं. एक डाव म्या उंदीर मारले. मंग पोते लई दिवस पुरू लागले. समजलं का?"

मला नाही समजलं.

"बाटल्या आता पुरून राह्यल्या. म्हंजे आंधी कोनतरी खाऊन राह्यलं होतं. अन् आता म्या ध्यान द्यायले लागलो तं ते उंदीर भेलं."

मी पंपाचं सांगायला लागले. गॅस कमी लागतो, शरीर दचकत नाही, वाघ नाही, सगळं एकात एक मिसळून. ते ऐकून घेत होते, हसत होते.

"पान्यासारख्या औषधानं गॅस वाचते? मंग माह्या गाडीत पानी टाकतो, पेट्रोल वाचंल." मग हसणं थांबलं. "अन् हे साखरेचं काय? पयले सगळ्यायची साखर चढे, आता सगळ्यायची शहान्यासारखी बसून राहते. टोचते का खरंच, का आकडे मनानं सांगते? साखर मोजायच्या पट्ट्या कुठं जाऊन राह्यल्या? मी तहकीकात करतो. तवर कपाटाची चाबी दे. अन् येक सांगतो, आता येकबी आकडा येडावाकडा आला नं, तं समजून जा."

मी किल्ली दिली. कंबरेच्या दोरीला बांधलेली होती, गाठ लवकर सुटेना. ती धडपडसुद्धा त्यांनी पुराव्यासारखी बघून घेतली.

जिनिंगचं काम हंगामी असतं. माझ्या हातात कुठलं सर्टिफिकेट नाही. चोर म्हणून इथून निघाले असते तर गावातल्या दुसऱ्या कुठल्या दवाखान्यानं मला झाडायलाही ठेवलं नसतं. घरी नवरा म्हणाला, "आगं, तू घेतलं न्हाईस न्हवं? मग कशाला भ्यायचं?" त्याला काय सांगू. घेतलं नसलं की जास्त भ्यायला होतं. घेणाऱ्याला निदान काय लपवायचं ते माहीत असतं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. मी पंपाकडं शत्रूसारखी बघायची. याच्यामुळं झालं सगळं. वॉर्डबॉय हसला की वाटायचं, याला कळलंय. मॅडम बोलल्या नाहीत की वाटायचं, यांनाही कळलंय. त्यांना सांगावं तर त्या ऑपरेशन झालं की लगेच दुसरीकडं पळायच्या, आणि सांगायचं तरी काय, मॅडम, मी चोर नाही? न विचारता असं सांगणारा चोरच वाटतो.

त्यात मी एक दिवस ऑफिसच्या दारातून बघितलं. वाघमारे सिस्टर आणि मनोहरराव हळू आवाजात बोलत होते. सिस्टर मान हलवत होत्या. मला बघून दोघं गप्प झाले. कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक माझी आणि एक सिस्टरांची. माझ्या मनानं लगेच जोडणी केली. स्वतः सुटायला सिस्टरांनी माझं नाव घेतलं. दाराच्या आत माझ्यावरही विश्वास ठेवू नको, असं त्यांनीच नव्हतं का सांगितलं? दुपारी त्यांनी नेहमीप्रमाणं डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढं केली. मी भूक नाही म्हणून उठले.

"काऊन वं मंगल, तोंड काऊन उतरलं?"

"काही नाही."

"काई नाई म्हनून कोनी भाकर सोडते का?" त्यांनी ती भाकर फडक्यात बांधून माझ्या पिशवीत टाकली.

मग सुमनबाई आल्या. बाजारहत्नूरकडचं कुटुंब, भाजीपाला पिकवणारं. पित्ताशयात खडे आणि अंगात साखर. दुर्बिणीनं ऑपरेशन ठरलं होतं, सकाळचं पहिलं. त्या दिवशी मनोहरराव स्वतः थिएटरात आले. तहकीकातीला. हिरवा गाऊन उलटा घातलेला, नाड्या पोटावर, टोपीतून कान बाहेर. एरवी मी हसले असते.

बाईंना मी टेबलावर घेतलं. नाव विचारलं, बाजू विचारली. "काही खाल्लं का?" "नाई." "पाणी? चहा?" "काईच नाई, ताई." मॅडमनीही विचारलं, "एमैना तिन्नारा?" बाईंनी मान हलवली. नाही.

डाव्या हाताला सलाईन होतं, म्हणून मी उजव्या हाताचं बोट घेतलं. स्पिरिटचा बोळा फिरवला, टोचलं, थेंब पट्टीला लावला. मनोहरराव माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते, पण चष्मा मास्कच्या वाफेनं धुरकटलेला, त्यांना मशीनवरचा आकडा दिसत नव्हता. मला दिसला.

चारशे अठ्ठावीस.

वॉर्डातून सकाळीच सांगितलेली साखर दीडशेच्या आत होती. येडावाकडा आकडा म्हणतात तो हाच. तो उच्चारला की माझी नोकरी गेली. आणि एकशे पन्नास म्हटलं असतं तर थिएटरातल्या कोणालाही खोटं वाटलं नसतं, तेच सगळ्यांना अपेक्षित होतं. मी सुमनबाईंच्या तोंडाकडं बघितलं. त्या छताच्या दिव्याकडं बघत होत्या. त्यांचं बोट माझ्या हातात होतं.

"मॅडम, चारशे अठ्ठावीस," मी म्हटलं.

"लो!" मनोहरराव ओरडलेच. "पाहा! रोज शहान्यासारखी साखर, अन् मी उभा राह्यलो तं चारशे! हे बाई आकडे मनानं सांगून राह्यली, म्या सांगतलं नव्हतं?"

मॅडमना काहीच ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "रिपीट करो." मी त्याच बोटाचा दुसरा थेंब घेतला. दोनशे साठ. आता तर आग लागली. मनोहरराव म्हणाले, "मिनिटात अडीचशेवर उतरली? हा का साखरेचा भाव हाय?" मशीनसुद्धा माझ्यावर उलटलं होतं.

तेव्हा वाघमारे सिस्टर ट्रेवरून वळल्या. त्यांनी सुमनबाईंचा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला, मुठीत धरला, सोडला. पुन्हा धरला. मग तो हात नाकाजवळ नेला.

"माय, हात काऊन चिकट हाय?"

सुमनबाई हात मागं ओढायला लागल्या.

"वास दह्याचा येऊन राह्यला. सांग माय, कोनी रागवत नाई."

"सासूबाईनं दही-साखर देल्ली," बाई म्हणाल्या. "दारात. ट्रॉलीवर होती तवा."

"तळहातावर?"

"मंग कुठं देतेत?"

सिस्टरांनी ओल्या कापसानं त्यांच्या डाव्या हाताचं बोट स्वच्छ पुसलं, कोरडं केलं आणि माझ्यापुढं धरलं. "घे मंगल. तूच घे." मी टोचलं. एकशे एकाहत्तर. म्हणजे पहिला आकडा रक्ताचा नव्हता. बाईंनी तळहात चाटला, बोटांना साखर तशीच राहिली, आणि ती थेंबात उतरली, पहिल्यात जास्त, दुसऱ्यात कमी. स्पिरिटनं साखर निघत नाही, पाण्यानं निघते. हे आम्हाला त्या दिवसापासून नीट कळलं. तेव्हापासून आमच्याकडं बोट टोचायच्या आधी हात धुतात.

पण साखरेचं राहू द्या. मॅडमचा चेहरा उतरला होता तो दह्यामुळं. त्यांच्या हातात भुलीची सिरिंज भरून तयार होती. त्यांनी ती खाली ठेवली. मोठ्या डॉक्टरांनी हातमोजे काढले. आजचं ऑपरेशन रद्द, उद्या. पोटात दही असताना भूल दिली असती तर काय झालं असतं, ते थिएटरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी सिस्टरांबरोबर बाहेर गेले. सासूबाई दाराशीच बसल्या होत्या, मांडीवर रिकामी स्टीलची डबी.

"आजी, काई खाऊ घालू नका म्हनलं होतं नं?"

"तं कुठं खाऊ घातलं?" आजीला खरंच राग आला. "जेवन देल्लं का म्या? पोरीले पोट फाडायले नेऊन राह्यले, तं तिले बिनाशकुनाचं जाऊ देऊ? तुमी काय दही-साखरेले जेवन म्हनता?" आणि मग एकदम दाराकडं बघून म्हणाली, "काई झालं तं नाई नं तिले?"

"नाई झालं," सिस्टर म्हणाल्या आणि तिथंच फरशीवर तिच्याशेजारी बसल्या. "शकून पावला तुमचा, आजी. वेळेवर घावला."

आत आलो तर मनोहरराव तसेच उभे, उलट्या गाऊनमध्ये. सिस्टरांनी त्यांच्यासाठी स्टूल ओढलं. "बसा साहेब. तहकीकात अर्धी सोडू नये. दुसरा पेशंट घेऊन राह्यलो." तो दुसरा पेशंट नशिबानं असा आला की त्याची नाडी मुळातच मंद. मॅडम म्हणाल्या, आज पंप नाही. ऑपरेशन सुरू झालं. डायल जुन्या जागी वर गेली, आणि काचेच्या खिडकीतली रेघ बघता बघता खाली सरकायला लागली.

सिस्टरांनी अगदी भोळ्या आवाजात विचारलं, "मॅडम, आज मशीन इतकं काऊन पिऊन राह्यलं?"

"पंप नहीं है ना, सिस्टर," मॅडम म्हणाल्या. "डेक्स रहता तो आधे के आसपास में हो जाता." बोलता बोलता त्यांनी मला साखर बघायला सांगितलं. या माणसाला साखरेचा आजार नव्हता, तरी आकडा चांगलाच वर गेलेला. "देखो, इसका बॉडी डर रहा है."

मनोहरराव स्टुलावरून वाकून त्या खिडकीकडं बघत राहिले. ऑपरेशन संपेपर्यंत बघत राहिले. मधे मला बाटली ओतावी लागली, तेव्हा त्यांनीच सरकून जागा दिली.

माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी किल्ली खिळ्याला टांगलेली होती, माझ्याच दोरीसकट. त्याच दिवशी सुमनबाईंचं ऑपरेशन पंप लावून झालं, साखर थोडी वर जाऊन बसली, आणि मी आकडा मोठ्यानं सांगितला. सासूबाई बाहेर हात जोडून बसल्या होत्या, दोन्ही हात रिकामे. आणि मनोहररावांना एक नवा नाद लागला, तो आजही आहे. ट्रॉली थिएटरकडं निघाली की ते ऑफिसातून उठून येतात आणि रोग्याला म्हणतात, "हात दाखवा." स्वतः वास घेतात. नवीन माणसाला वाटतं, मॅनेजर भविष्य बघतात.

सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोपाच्या कार्यक्रमात मनोहरराव बोलायला उभे राहिले. बोलता बोलता म्हणाले, "या बाईनं येक डाव माह्या टेबलावर कपाटाची चाबी आनून ठेवली. म्हने, मंगलची घेतली तं माहीबी ठेवून घ्या. ते चोर असंल तं तिले शिकवनारी मी हाय, पयले मले काढा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवू शकले नाही. ऑफिसच्या दारातून मी बघितलं होतं तो हाच दिवस होता. त्याच दुपारी मी त्यांची भाकर नाकारली होती, आणि त्यांनी ती फडक्यात बांधून दिली होती. मी ती रागानं घरी नेली आणि रात्री खाल्ली. चांगली झाली होती, एवढंही मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आता त्या बोथला असतात. दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टर ते बदलायला सांगतात, त्या टाळतात. मी भेटायला गेले की म्हणतात, "मले भूलच नको वं. झोपेत तोंड सुटलं तं साऱ्या दवाखान्याचं सांगून टाकीन." खरं कारण मला ठाऊक आहे. जन्मभर भुलीच्या या बाजूला उभं राहिलेल्या माणसाला त्या बाजूला आडवं व्हायची फार भीती वाटते. टेबलाच्या उशाशी कोण असेल, ते नीट बघेल का, हा संशय.

तर सिस्टर, हे इथं छापून येऊ दे, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही. तुमचे गुडघे होतील तेव्हा उशाशी मी असेन. श्रीलता मॅडमना मी आधीच सांगून ठेवलंय. काचेच्या खिडकीतली रेघ मी बघीन, पंपाचा दट्ट्या मी बघीन, तुमचं बोट माझ्या हातात राहील, आणि आकडा जो येईल तो मोठ्यानं सांगीन. पण त्याआधी तुमचं नाव विचारीन. कुठला गुडघा ते विचारीन. पोटात काही गेलंय का ते तीनदा विचारीन, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी विश्वास ठेवणार नाही. तुमचा हात आधी धुवीन.

आणि तुम्ही जाग्या झालात, डॉक्टरांनी खायला परवानगी दिली, की पहिला घास माझ्या डब्यातल्या भाकरीचा.